हातापायांची अ‍ॅनाटॉमी कशी अभ्यासावी? (फिजिओथेरपी, पहिलं वर्ष)

ओवी:
नमस्कार. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या हात चालू आहे, दिवाळीनंतर पाय सुरू होईल. पुस्तकं सिनिअर्सकडून मिळाली आहेत, त्यामुळे पुस्तकांची नावं नको आहेत. रोज रात्री प्रत्येक स्नायूचं ओरिजिन (सुरुवात कुठे), इन्सर्शन (शेवट कुठे), नर्व्ह सप्लाय (कोणती नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, पोचते), अ‍ॅक्शन (काम) असं पाठ करते आणि सकाळी निम्मं गेलेलं असतं. कोपर ते मनगट एवढ्यातच वीस स्नायू, आणि नावं एकमेकांसारखी.

परवा व्हायवात (तोंडी परीक्षेत) सरांनी विचारलं, "दंडाचं हाड मधोमध मोडलं आणि मनगट लोंबायला लागलं. काय झालं असेल?" ब्रेकियल प्लेक्ससची (मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची) अख्खी आकृती मला डोळ्यांसमोर दिसत होती, पण त्या माणसाच्या हाताशी तिचा संबंध लावता येईना. रेडियल नर्व्ह हे उत्तर खोलीवर आल्यावर सुचलं. फार वाईट वाटलं.

ज्यांनी हे शिकून पुढे रुग्ण तपासले आहेत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? हाडं आधी की नर्व्ह? डिसेक्शनला (मृतदेह उघडून शिकण्याच्या तासाला) टेबलाभोवती इतकी गर्दी असते की मागून काही दिसत नाही.

सह्यकडा:
ओवी, मी चौदा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे, तालुक्याच्या गावी. सरांनी विचारला तसाच प्रश्न प्रत्येक नर्व्हला विचारत जा: ही इथे तुटली तर माणसाला काय करता येणार नाही? पाठांतराचा भार यानेच उतरतो.

हे बघ. दंडाची मागची बाजू आणि कोपराखालची मागची बाजू, सगळी एकट्या रेडियलची. म्हणून ती गेली की मनगट आणि बोटं वर उचलत नाहीत. हाडाच्या मध्यावर इजा झाली तर कोपर मात्र बहुधा सरळ करता येतं, कारण ट्रायसेप्सकडे (कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू) जाणाऱ्या बऱ्याच फांद्या त्याआधीच निघालेल्या असतात. कोपराखालची पुढची बाजू मीडियन नर्व्हची, त्यातला दीड स्नायू अल्नर नर्व्हचा: फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा (बोटांची पेरं वाकवणाऱ्या स्नायूचा) करंगळीकडचा अर्धा भाग. तळहातात हिशोब उलटा होतो. तिथे जवळजवळ सगळं अल्नरचं, मीडियनकडे अंगठ्याच्या उंचवट्यातले तीन स्नायू आणि पहिले दोन लम्ब्रिकल (तळहातातले बारीक स्नायू). एवढं पक्कं झालं की नर्व्ह सप्लायचा रकाना वेगळा पाठ करावा लागत नाही.

इंटर्नशिपमध्ये मी कुष्ठरोगातून बरे झालेल्या लोकांचे हात पाहिले. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नर्व्ह दोरीसारखी जाड लागायची, अनामिका आणि करंगळी आकडीसारखी वळलेली. पुस्तकातला 'क्लॉ हँड' मला तिथे कळला. लम्ब्रिकल आणि इंटरॉसिआय (हेही तळहातातले छोटे स्नायू) बोटं मुळाशी वाकवतात आणि पुढची पेरं सरळ ठेवतात. ते गेले की नेमकं उलट होतं. आणि एक गोष्ट स्वतः विचार करून सोडव: इजा मनगटाशी झाली तर बोटं जास्त वाकडी दिसतात, कोपराशी झाली तर कमी. का? (वरच्या दीड स्नायूत उत्तर आहे.)

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईत जे.जे.ला डॉ. नोशिर अंतिया यांनी असे हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावले. चांगल्या स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) उचलून बंद पडलेल्याच्या जागी जोडायचा. पण त्या स्नायूला नवं काम शिकवायचं कोणी? आपण. म्हणून कोणता स्नायू काय करतो हे आपल्याला डॉक्टरांइतकंच नेमकं माहीत हवं.

जुना_खडू:
मी वैद्यकीय महाविद्यालयात अ‍ॅनाटॉमी शिकवून निवृत्त झालो. सह्यकडा यांचं बाकी सगळं मान्य, पण नर्व्हच्या आधी हाड. हाड हातात नसेल तर नर्व्ह हवेत लोंबत राहते. एकट्या ह्युमरसचं (दंडाच्या हाडाचं) घे. वरच्या टोकाखाली, सर्जिकल नेकला (हाडाच्या मानेला) अ‍ॅक्सिलरी नर्व्ह वळसा घालते. मधल्या भागात मागून खोबणीतून रेडियल जाते. खाली आतल्या उंचवट्याच्या मागून अल्नर, जिथे कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. एक हाड, तीन जागा, तीन नर्व्ह. हाड कुठे मोडलं हे कळलं की काय गेलं असेल ते सांगता येतं.

वसतिगृहात हाडांचा संच कुणाकडे तरी असतोच. डोळे मिटून हाड हातात घ्यायचं आणि उजवं की डावं ते सांगायचं. रोज दहा मिनिटं, आठवडाभर.

नावांना घाबरू नकोस, ती वर्णनं आहेत. 'सार्टोरियस' म्हणजे शिंप्याचा स्नायू. मांडी घालून बसताना खुबा वाकतो, मांडी बाहेर वळते, गुडघा वाकतो. हा स्नायू नेमकं तेवढंच करतो. अंगठा ताणला की मुळाशी जो खळगा पडतो त्याचं इंग्रजी नाव (स्नफबॉक्स) तपकिरीच्या डबीवरून आलं, कारण लोक तिथे तपकीर ठेवून ओढत. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड, मनगटातलं एक छोटं हाड. हात टेकून पडलेल्या माणसाला तिथे दाबून दुखलं तर एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसला तरी स्कॅफॉइड मोडलेलं असू शकतं. त्याला रक्त बोटांकडच्या टोकातून मागे येतं, म्हणून मोडल्यावर कोपराकडचा तुकडा मरण्याची भीती.

डिसेक्शनच्या गर्दीबद्दल: तास संपल्यावर टेबलापाशी जाण्याची परवानगी माग. बहुतेक शिक्षक देतात. तो देह कुणीतरी शिकणाऱ्यांसाठी दान केलेला आहे, तो दुरूनच पाहून परत येऊ नकोस.

अबोली_सिस्टर:
मी नर्सिंगची, मला पायाबद्दल सांगायचंय. नितंबात इंजेक्शन देताना वरचा-बाहेरचा चतुर्थांश भाग का, तर सायॅटिक नर्व्ह (पायाची मोठी नर्व्ह) खालून-आतून जाते. आम्हाला हे पहिल्याच वर्षी बजावतात. फिजिओच्या मुलींनाही इंजेक्शननंतर पाय लुळा पडलेली लहान मुलं पुढे भेटतात, म्हणून माहीत असू दे.

दुसरं, फिब्युलाची (नडगीशेजारच्या बाहेरच्या हाडाची) मान. गुडघ्याच्या बाहेर, किंचित खाली गोल हाड लागतं, त्याच्या जरा खाली कॉमन पेरोनियल नर्व्ह अगदी कातडीखाली असते. प्लास्टर तिथे घट्ट झालं की पाऊल लोंबतं. तासन् तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या बायकांनाही हे होतं.

आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय पडल्यावर आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर उभं करायला जाऊ नका, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं.

भाषेचं एक. रुग्ण 'नस दबली' म्हणतो तेव्हा नर्व्ह, 'नस सापडत नाही' म्हणतो तेव्हा शीर. नडगी, पोटरी, घोटा, लवण हे शब्द विसरू नकोस. वहीत इंग्रजीशेजारी मराठी लिही. तुला ते येतात ही तुझी जमेची बाजू आहे.

ओवी:
सगळ्यांचे मनापासून आभार. सह्यकडा ताई (की दादा?), उत्तर शोधलं: कोपराशी इजा झाली तर प्रोफंडसचा तो अर्धा भागही जातो, मग पेरं ओढून वाकवणारंच कोणी उरत नाही. बरोबर ना?

काल रूममेटच्या दंडावर स्केचपेनने रेडियल काढली, मग तिला मनगट उचलायला सांगून कोपराखाली बोटांनी एकेक स्नायू चाचपला. फिब्युलाच्या मानेशी पेरोनियलही लागली, बोटाखालून सरकते!

सह्यकडा:
बरोबर. (ताई.) आता पाय सुरू व्हायच्या आधी एक कर. रूममेटला एका पायावर उभं कर आणि मागून कमरेची दोन्ही हाडं बघ. ती सरळ राहतील, कारण टेकलेल्या बाजूचा ग्लुटिअस मिडिअस (नितंबातला स्नायू) धरून ठेवतो. तो अशक्त असेल तर उचललेल्या पायाची बाजू खाली झुकते, म्हणजे दोष एका बाजूला आणि उतार दुसरीकडे. व्हायवात इथेच मुलं चुकतात.

जुना_खडू:
आणि पावलावरची नाडी. पायाचा अंगठा वर उचलायला सांग, ताठ झालेल्या टेंडनच्या लगेच बाहेर दोन बोटं हलकी ठेव. जोरात दाबलंस तर सापडणार नाही.