आयोवाचा ऑफेन्स: दोष मुलाचा की वडिलांच्या पद्धतीचा?

कॉरलविलकर (धागाकर्ता), ३ जानेवारी २०२४

परवा सिट्रस बोलमध्ये (कॉलेज अमेरिकन फुटबॉलचा हंगामाअखेरचा सामना) टेनेसीने आपल्या आयोवाला ३५-० असं धुतलं. त्याच्या आधीचा सामना बिग टेन या आपल्या गटाचा अंतिम, तिथे मिशिगनकडून २६-०. सलग आठ क्वार्टर आणि एकही गुण नाही. झोप लागत नाही म्हणून लिहायला बसलोय.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयोवा हॉकाइज ही आमच्या आयोवा सिटीतल्या विद्यापीठाची टीम. कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक. त्यांचा मुलगा ब्रायन २०१७ पासून ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना कोणती चाल खेळायची हे ठरवणारा माणूस. २०२२ मध्ये ऑफेन्स १३१ संघांत १३०वा आला. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायनच्या करारात अट घातली: १३ सामन्यांत सरासरी २५ गुण, म्हणजे एकूण ३२५. पगारही ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला. शेवटी ३० ऑक्टोबरला हंगामी क्रीडासंचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की हंगाम संपला की ब्रायन जाणार. १४ सामन्यांत आपले गुण झाले २१६. सरासरी १५.४.

आता जो तो म्हणतोय, मुलगा गेला, पीडा टळली. मला हे अजिबात पटत नाही. ब्रायनने जे केलं ते वडिलांच्याच पाटीवर गिरवलं. चेंडू घालवायचा नाही, पंट करून, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून, समोरच्याला मागे ढकलायचं, मग आपला डिफेन्स बघून घेईल. या पद्धतीत ऑफेन्सचं काम गुण करणं नाही, नुकसान टाळणं आहे. पद्धत तीच राहिली तर त्या खुर्चीत कुणालाही बसवा, हेच होणार.

२१ ऑक्टोबरचा मिनेसोटाचा सामना आठवा. आपण १२-१० ने हरलो. आपल्या कूपर डिजीनने शेवटच्या दीड मिनिटात त्यांचा पंट घेऊन ५४ यार्ड थेट गोलपर्यंत धाव घेतली आणि त्याने आधी हाताने खूण केली होती म्हणून पंचांनी ती रद्द केली. महिनाभर सगळं गाव त्या खुणेवरच बोलत होतं. मलाही राग आलाच. पण त्या दिवशी दुसऱ्या अर्धात आपल्या ऑफेन्सने किती यार्ड काढले? बारा. अख्ख्या अर्ध्या सामन्यात बारा यार्ड! त्यावर बोलायला कुणी तयार नाही.

किनिकमध्ये, म्हणजे आपल्या स्टेडियममध्ये, माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, मका-सोयाबीनचे शेतकरी. चाळीस वर्षं त्यांची जागा तीच. पूर्वी तिसऱ्या डाउनला ते उभे राहून टोपी हातात घ्यायचे. (दहा यार्ड काढायला चार डाउन, म्हणजे प्रयत्न; तिसऱ्यात जमलं नाही की बहुधा पंट.) दोन वर्षांपासून मी बघतोय, तिसऱ्या डाउनला ते बसूनच असतात आणि पंटला उभे राहतात. मी विचारलं तर म्हणाले, काय होणार ते रचनेवरूनच दिसतं. आणि खरंच दिसतं हो. पहिल्या डाउनला आउटसाइड झोन, म्हणजे कडेच्या बाजूने धाव. समोर रेषेजवळ आठ जण उभे, तरी तीच धाव. दोन यार्ड. दुसऱ्याला परत धाव. मग तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना टाइट एंडला (रेषेच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा खेळाडू) पाच यार्डांवर थांबवून पास. पकडला तरी पंट, सुटला तरी पंट. एका चालीने दुसरीची वाट मोकळी करावी, ते कुठे दिसतच नाही.

---

सांगलीचा_हॉक

कॉरलविलकर साहेब, दुःख समजतं. मीही परवा टीव्ही बंद करून अंगणात बर्फ काढायला गेलो. पण तुम्ही एक आकडा लिहिलाच नाही. आपण दहा सामने जिंकलो. दहा! बिग टेनचा पश्चिम विभाग जिंकला. १५.४ गुणांची सरासरी असताना दहा विजय मिळतात याचा अर्थ वडिलांची पद्धत चालते.

आणि दुखापती का विसरता? ल्यूक लेकी सप्टेंबरातच गेला. केड मॅकनमारा, ज्याच्या भरवशावर सगळा हंगाम बेतला होता, त्याचा गुडघा मिशिगन स्टेटच्या सामन्यात गेला. एरिक ऑल विस्कॉन्सिनला. दोन टाइट एंड आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारा) बाहेर, मागे उरला डीकन हिल, ज्याचे निम्मेसुद्धा पास पूर्ण होत नव्हते. त्याच्या हाती तुम्ही कोणती चाल दिली असती? विस्कॉन्सिनला त्याचे पासचे ३७ यार्ड होते, आणि आपण तो सामना त्यांच्या मैदानावर १५-६ ने जिंकला. लशॉन विल्यम्सची ८२ यार्डांची धाव, बाकी पंट आणि डिफेन्स. मुंबईच्या रणजी संघाला लोक खडूस म्हणायचे ते कौतुकाने. विकेट फेकायची नाही, समोरच्याला थकवायचं. ते खडूसपण आयोवात आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

ब्रायनबद्दलही थोडं खरं बोलू. नोआ फँट आणि टी.जे. हॉकिन्सन, एकाच कॉलेजचे दोन टाइट एंड २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्याच फेरीत गेले. ते ब्रायनच्याच हाताखाली खेळले ना?

---

माधवी_सीडररॅपिड्स

सांगलीकर दादा, दुखापतीचं मान्य. पण पेन स्टेटला केड खेळत होता. तिथे ३१-० ने हरलो आणि संपूर्ण सामन्यात ७६ यार्ड. त्याचं काय करायचं?

२०२२ ला तर एवढ्या दुखापतींचं कारणही नव्हतं. पहिलाच सामना साउथ डकोटा स्टेटशी, ७-३ ने जिंकलो. ते सात गुण कसे आले? एक फील्ड गोल (किकचे तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडल्याचे दोन-दोन गुण). सेफ्टी डिफेन्सची. त्याच वर्षी इलिनॉयकडून ९-६ ने हरलो, शेवटी केंटकीला २१-० हरवलं, त्यातले दोन टचडाउन (चेंडू गोलक्षेत्रात नेल्याचे सहा गुण) डिफेन्सने चेंडू हिसकावून केलेले. आणि करारातल्या त्या २५ गुणांत हेही गुण धरणार होते. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला दुसऱ्याचे मार्क कसे काय द्यायचे?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते मुलांचं. चार्ली जोन्स २०२१ मध्ये आपल्याकडे होता. वर्षभरात त्याच्याकडे पूर्ण झालेले पास किती, तर २१. पुढच्या वर्षी तो पर्ड्यूला गेला आणि ११० झेल, १,३६१ यार्ड. एका उन्हाळ्यात कुणी पाचपट चांगला होत नाही. तो आधीपासून चांगला होता, आपल्याला त्याच्याकडे चेंडू द्यायचा नव्हता. पास झेलणारा कुठला हुशार मुलगा आता आयोवात येईल? हे बघून माझ्या भाच्याने हायस्कूलला असताना मला विचारलं होतं, मावशी, तिथे झेलायला कुणाला बोलवतात तरी का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि घरातल्या माणसाला घरातला माणूस कसा सांगणार की तुझं चुकतंय? कागदावर ब्रायनचा वरिष्ठ क्रीडासंचालक होता, वडील नव्हते. पण मैदानावर उभं कोण असतं, हे सगळ्यांना दिसतं.

---

सांगलीचा_हॉक

ताई, त्याच वर्षी, त्याच पर्ड्यूला, त्यांच्या मैदानावर, चार्ली जोन्स समोर असताना आपण २४-३ ने हरवलं. ११० झेल घेणाऱ्याच्या संघाला तीन गुण. मला झेल नकोत, विजय हवा.

---

चढाई_बहाद्दर

मी नाशिकचा. मुलगी आयोवा सिटीत एमएस करते म्हणून रात्री जागून सामने बघायला लागलो, तेव्हा काही चुकलं तर सांगा. मी जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलोय, मला हा खेळ त्याच डोळ्यांनी दिसतो.

दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. आता आयोवाचा तिसरा डाउन बघतो तेव्हा वाटतं, आमचा चढाईपटू आत जातोय, कोपऱ्यावर हात न टाकता परत येतोय आणि बाद होऊन शांतपणे बाहेर बसतोय. सुरक्षित खेळणं आणि हे, यात फरक आहे. सुरक्षित खेळाडू पहिल्या दोन चढायांत अंदाज घेतो, कोपरारक्षक पुढे कधी येतो ते हेरतो आणि तिसऱ्या चढाईत त्याच जागी घाव घालतो. सांगलीकर म्हणतात ते खडूसपण मला समजतं, त्यात शेवटचा घाव असतो. आयोवाच्या पहिल्या दोन डाउनांत तो अंदाज घेतलेला मला दिसत नाही.

पंट मात्र बघत राहावा असा. तो पोरगा कोण?

---

कॉरलविलकर

बहाद्दर, अगदी मनातलं बोललात. तो टोरी टेलर, मेलबर्नचा. यंदा ९३ पंट, ४,४७९ यार्ड, एका हंगामातला राष्ट्रीय विक्रम. सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कारही त्यालाच. मला त्या मुलाबद्दल अतोनात आदर आहे. चेंडू समोरच्यांच्या पाच यार्डांत असा मरून पडतो की किनिक दणाणून उठतं. पण दुसरा आकडा शेजारी ठेवा. आपल्या ऑफेन्सने १४ सामन्यांत मिळून ३,३०० यार्डसुद्धा काढले नाहीत. देशात १३३ पैकी १३३वा. एकट्या मुलाच्या पायाने अख्ख्या ऑफेन्सपेक्षा हजार यार्ड जास्त कापले.

सांगलीकर, दहा विजय मी विसरलेलो नाही. त्यातले किती एका चेंडूवर टिकले ते मोजा. नॉर्थवेस्टर्न १०-७, इलिनॉय १५-१३, नेब्रास्का १३-१०. डिफेन्सचे प्रशिक्षक फिल पार्करना यंदाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, देशातला सर्वोत्तम सहायक प्रशिक्षक. डिफेन्सने सरासरी १४.८ गुण दिले. इतका सुंदर डिफेन्स एका पिढीत एकदा मिळतो. त्याच्या जोडीला नुसता मध्यम, साधा, ५०व्या-६०व्या क्रमांकाचा ऑफेन्स असता तर हा संघ कुठे गेला असता? ती मुलं आता एनएफएलमध्ये जातील. ते वर्ष परत येणार नाही. मला याचंच वाईट वाटतं, हरण्याचं तेवढं नाही.

---

सांगलीचा_हॉक, २० जानेवारी २०२५

वर्षभराने धागा वर काढतोय, कारण हिशेब राहिला होता.

साहेब, तुम्ही म्हणाला होतात, खुर्चीत कुणालाही बसवा, हेच होणार. कर्क तेच, पद्धत तीच, फक्त ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आले. सरासरी १५.४ वरून २७.७ झाली. केलेब जॉन्सन आदल्या वर्षी ४६३ यार्ड धावला होता, यंदा १,५३७ आणि २१ टचडाउन. म्हणजे तुमचं म्हणणं चुकलं. दोष त्या एका माणसाच्या चालींचा होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. गेल्या वर्षी मी त्याची बाजू घेतली, ती जरा जास्तच घेतली.

पण आता माझा प्रश्न. गुण जवळजवळ दुप्पट झाले आणि विजय दहावरून आठ. आयोवा स्टेटविरुद्ध अर्ध्या वेळेला १३-० ने पुढे होतो, २०-१९ ने हरलो. यूसीएलए २०-१७. बोलमध्ये मिसूरी २७-२४. हेच सामने २०२३ च्या संघाने ओढून आणले असते. तुम्ही काय घ्याल, १५ गुणांचे दहा विजय की २७ गुणांचे आठ?

---

माधवी_सीडररॅपिड्स

दादा, डिफेन्सची मुलं बदलली, कूपर डिजीन गेला, टोरी टेलर गेला. विजयांचा हिशेब एकट्या ऑफेन्सच्या नावावर कसा मांडता?

आणि पास अजूनही तळाशीच आहे. तीन-तीन क्वार्टरबॅक वापरावे लागले. आता साउथ डकोटा स्टेटचा क्वार्टरबॅक मार्क ग्रोनाउस्की येतोय म्हणतात. २०२२ च्या त्या ७-३ च्या सामन्यात समोर तोच होता. त्याला बघायला मी नक्की जाणार.

---

कॉरलविलकर

सांगलीकर, माझं निम्मं चुकलं हे मान्य. मला वाटलं होतं कर्क कुणालाच मोकळीक देणार नाहीत. त्यांनी दिली. चाल सुरू होण्याआधी खेळाडू इकडून तिकडे हलवणं, त्याच झोन धावेला वेगळा कोन देणं, हे सगळं नवीन होतं आणि रेषेवरच्या मुलांनी ते मनापासून केलं. पण निम्मं अजून खरं आहे. सामना घट्ट झाला की जुनी सवय वर येते. नेब्रास्काविरुद्ध पहिल्या अर्धात आपल्याला एकही फर्स्ट डाउन (दहा यार्ड काढून मिळणारे नवे चार प्रयत्न) मिळाला नाही. एकही नाही. जिंकलो तेही परत १३-१०, शेवटी ड्रू स्टीव्हन्सच्या ५३ यार्डांच्या किकवर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी आठ घेईन. तुम्हाला पटणार नाही, ठीक आहे.

२ नोव्हेंबरच्या रात्री विस्कॉन्सिनला आपण ४२-१० ने हरवलं. कडक थंडी, मी थर्मासमधला चहा आजोबांना दिला होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा डाउन आला आणि त्यांनी पेला माझ्या हातात परत दिला, टोपी काढली आणि उभे राहिले. नेब्रास्काला मात्र अर्धा सामना बसून होते, केलेब छोटासा पास घेऊन ७२ यार्ड पळत सुटला तेव्हा उठले.