कॅपिंग प्रोटीन तंतूंची वाढ थांबवते, तरीही पेशीच्या गतीसाठी ते का लागते?

प्रश्न (एम.एस्सी. प्राणिशास्त्र, सोलापूर)
नमस्कार. पेशींच्या स्थलांतरावर मला परिसंवाद सादर करायचा आहे. सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला, लॅमेलिपोडियममध्ये, अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढत जाऊन पेशीपटलाला पुढे ढकलतात, इथपर्यंत समजले आहे. अडचण कॅपिंग प्रोटीनची आहे. ते तंतूच्या वेगाने वाढणाऱ्या, म्हणजे बार्ब्ड टोकावर बसते आणि वाढ बंद करते. असे असूनही १९९९ मध्ये कार्लिए यांच्या गटाने शुद्ध प्रथिनांच्या मिश्रणात लिस्टेरिया या, अशाच अ‍ॅक्टिन तंतूंच्या जोरावर सरकणाऱ्या जीवाणूला चालवून दाखवले, तेव्हा अ‍ॅक्टिन, तंतूंना शाखा फोडणारे आर्प २/३ संकुल आणि तंतू तोडणाऱ्या कोफिलिन वर्गातील प्रथिनाबरोबर कॅपिंग प्रोटीनही आवश्यक ठरले. वाढ रोखणाऱ्या घटकाची गतीला गरज का पडावी?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, जीवरसायनशास्त्र)
तुमचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. एटीपी-अ‍ॅक्टिनची (एटीपी हा ऊर्जावाहक रेणू धरलेल्या अ‍ॅक्टिनची) क्रांतिक संहती, म्हणजे मोकळ्या रेणूंची जी संहती ओलांडल्यावरच टोक वाढते ती, बार्ब्ड टोकाला सुमारे ०.१ मायक्रोमोलर, तर दुसऱ्या, सावकाश वाढणाऱ्या पॉइंटेड टोकाला सुमारे ०.६ मायक्रोमोलर असते. सगळी बार्ब्ड टोके उघडी राहिली, तर ती मोकळे अ‍ॅक्टिन जवळजवळ संपवून टाकतील आणि मग कोणतेच टोक वेगाने वाढणार नाही. बहुतेक टोके झाकली गेली, की मागची पॉइंटेड टोके अ‍ॅक्टिन सोडत राहतात, मोकळ्या रेणूंची संहती चढते आणि पटलालगतच्या मोजक्या उघड्या टोकांना ते मुबलक मिळतात. आपल्याकडे पाणी येण्याच्या दिवशी गल्लीतले बरेच नळ बंद असले, तर उरलेल्यांना जोर येतो, तसेच हे आहे. शिवाय तंतू आखूड राहतात, आणि आखूड तंतू भाराखाली सहजासहजी वाकत नाहीत. आर्प २/३ जुन्या तंतूवर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी शाखा सुरू करत असल्यामुळे झाकलेल्या टोकांची जागा नवी टोके घेत राहतात.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी, पेशीजीवशास्त्र)
सरांच्या उत्तरातील नळांचा मुद्दा पाठ्यपुस्तकांत रूढ आहे, पण परिसंवादात तेवढ्यावर थांबू नका. २००८ मध्ये अकिन आणि मलिन्स यांनी हेच तपासले. कॅपिंग प्रोटीन वाढवल्यावर गती वाढली, मात्र एकेका तंतूच्या वाढीचा वेग वाढलेला आढळला नाही. वाढले होते ते आर्प २/३ कडून होणारे शाखांचे केंद्रण, म्हणजे नव्या शाखा सुरू होणे. उघडी टोके कमी झाली, की अ‍ॅक्टिनचे रेणू लांबी वाढवण्याऐवजी नव्या शाखा सुरू करण्याकडे वळतात, असा त्यांचा अर्थ होता. पुढे २०२१ मध्ये आणखी एक कारण मांडले गेले: उघडी बार्ब्ड टोके आर्प २/३ ला सक्रिय करणाऱ्या वास्प कुळातील प्रथिनांना धरून ठेवतात, आणि टोके झाकली गेली की ही प्रथिने शाखा सुरू करण्याच्या कामासाठी मोकळी होतात.

दुसरे असे, की मागच्या बाजूचे विघटन नीट मांडल्याशिवाय हे चित्र अपुरे राहील. शुद्ध अ‍ॅक्टिनचे पॉइंटेड टोक इतके सावकाश सुटते, की केवळ त्याच्या जोरावर पेशी सरकू शकणार नाही. तंतूत शिरलेल्या अ‍ॅक्टिनवरील एटीपीचे एडीपी आणि फॉस्फेट असे विभाजन काही सेकंदांत होते, परंतु फॉस्फेट बाहेर पडायला मिनिटे लागतात. त्यामुळे तंतूचा जुना भाग रासायनिक दृष्ट्या वेगळा ओळखता येतो. कोफिलिन हाच एडीपी-अ‍ॅक्टिनचा भाग पकडून तोडते. सुटलेल्या रेणूवरचा एडीपी काढून तेथे एटीपी यायला प्रोफिलिन हे प्रथिन मदत करते आणि तो रेणू बार्ब्ड टोकाकडे पोचवते. थेरिओ आणि मिचिसन यांनी १९९१ मध्ये माशांच्या त्वचेतील केराटोसाइट या सरकणाऱ्या पेशींमध्ये अ‍ॅक्टिनवर प्रकाशाने खूण केली, तेव्हा पेशी पुढे गेली, पण तंतूंचे जाळे काचेच्या संदर्भात जवळपास जागीच राहिले, आणि त्याचे अर्धायुष्य अर्ध्या मिनिटाहूनही कमी निघाले.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. अशा पेशी आमच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहता येतील का? आमच्याकडे फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक आहे.

उत्तर १
नक्की पाहता येतील. गोल्डफिशच्या एका खवल्याला चिकटलेल्या त्वचेतून केराटोसाइट बाहेर सरकतात, आणि त्यांना उबवणयंत्र लागत नाही, खोलीचे तापमान चालते. विभागाच्या प्राणी-नीती समितीची संमती आधी घ्या. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मात्र हा प्रयोग टाळा, कारण काचपट्टीवरचे माध्यम झपाट्याने आटते आणि क्षार दाट होऊन पेशी आक्रसतात. डिसेंबर-जानेवारीत करणे उत्तम.