पळताना चक्कर आली तर ऊन लागलं म्हणून सोडू नका

खेळणाऱ्या पोरांचा ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) काढावा का, यावर एका पालकांनी लिहिलंय की पोरगं रोज पाच किलोमीटर पळतंय, त्याला कसला आलाय ईसीजी. अहो, नेमकं तिथंच फसतो आपण. माझा भाचा पंधरा वर्षांचा, खो-खो खेळतो, मागच्या एप्रिलमध्ये सोलापूरच्या पार्क मैदानावर सकाळी सातलाच पळता पळता खाली बसला, ओठ पांढरे पडलेले, म्हणाला "मामा, डोळ्यापुढं अंधारी आली". सगळे म्हणाले ऊन लागलं, ग्लुकोज पाजा. सोलापूरचं ऊन आहेच तसं, पण सकाळी सातला?

डॉक्टरांनी आधी विचारलं ते हे, की चक्कर पळताना आली का थांबल्यावर, छातीत धडधडलं का, आणि घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का. पळताना आलेली जास्त काळजीची म्हणे. मग ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, नॉर्मल निघाला, देवाची कृपा. पण हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणून एक आजार असतो, हृदयाचा स्नायू जाड होतो, बऱ्याचदा घराण्यातून येतं आणि पोरगं वरून एकदम ठणठणीत दिसतं. इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसकट तपासणी कायद्यानंच लागते.

ईसीजीत सगळंच सापडतं असं नाही, आणि कधी कधी चांगल्या खेळाडूचा पण वेगळा दिसतो, म्हणून रिपोर्ट जाणकारालाच दाखवा. आणि मैदानावर एकाला तरी सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) यायलाच पाहिजे. 2021 च्या युरो कपमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन हृदय बंद पडून कोसळला तेव्हा तिथल्या तिथं सीपीआर आणि हृदयाला विजेचा शॉक मिळाला म्हणून वाचला. आमच्या ग्रुपमधल्या चार पालकांनी शिकायचं ठरवलंय, अजून कोणी येणार असाल तर सांगा.