सल्ला हवा: ब्रिटिश शॉर्टहेअर मांजर आमच्या घराला झेपेल का? (लीड्स, बजेट ६०० पाउंड)

अबोली_लीड्स
नमस्कार मंडळी. दोन बेडरूमचा फ्लॅट, तिसरा मजला, दोघंही नोकरीवाले, लेक नऊ वर्षांची. शेजारच्या आजींकडे निळसर-राखाडी ब्रिटिश शॉर्टहेअर आहे. गोल तोंड, तांब्याच्या रंगाचे डोळे. लेकीचा त्या मांजरावर फार जीव, आणि वर्षभर एकच धोशा: आपल्यालाही हवं. मला स्वभावाबद्दल विचारायचंय. दिवसभर एकटं राहतं का? मुलांशी जमतं का? मांजरासाठी ६०० पाउंड बाजूला काढलेत, त्यापुढे जाणार नाही. दर डिसेंबरात तीन आठवडे साताऱ्याला जातो.

टेम्सकाठी
६०० मध्ये नोंदणीकृत पिल्लू विसरा. आम्ही १२०० दिले आणि एका पैशाचं दुःख नाही. जीसीसीएफकडे (जातिवंत मांजरांची नोंद ठेवणारी इथली संस्था) नोंद असलेल्या ब्रीडर बाई होत्या, १३ आठवड्यांआधी पिल्लू हातात दिलं नाही, लसी पूर्ण, चिप बसवलेली. आमचा बोका आता सात किलोचा आहे. लोक खिडकीशी थांबून बघतात.

सई_मँचेस्टर
स्वभाव विचारलात म्हणून लिहिते. हे मांडीवरचं मांजर नाही. आमचा 'ढब्बू' उचलला की पाठ ताठ करतो आणि चारही पाय बाहेर फेकतो. पण मी सोफ्यावर बसले की येतो, बरोबर एक वीत अंतर सोडून बसतो आणि शेपटी माझ्या गुडघ्यावर टाकतो. तीच त्याची माया. सयामीसारखं दिवसभर बोलत नाही. आठ तास एकटा राहतो, घर तसंच असतं. लेकीला आधीच सांगा, हे कडेवर घेऊन फिरायचं मांजर नव्हे. आणि नसबंदीनंतर खाणं मोजून द्या, फार पटकन सुटतात.

कोकणकडा
स्कॉटिश फोल्ड घ्या त्यापेक्षा! दुमडलेले कान, घुबडासारखं तोंड. माझ्या बहिणीकडे आहे, एकदम शांत.

सुईदोरा
कृपया नको. मी व्हेटकडे नर्स आहे. कान ज्या जनुकामुळे दुमडतात त्यानेच सगळ्या अंगातली कूर्चा बिघडते. ते मांजर 'शांत' असतं कारण सांधे दुखत असतात. जीसीसीएफने सत्तरच्या दशकातच त्यांची नोंदणी बंद केली.

कोकणकडा
बहिणीचं मांजर सहा वर्षांचं आहे, उड्या मारतं. सगळ्यांनाच होतं असं नाही.

सुईदोरा
दुमडलेल्या कानाच्या प्रत्येक मांजरात तो दोष असतोच, कमी-जास्त एवढंच. एकदा एक्स-रे काढून बघा, तिच्याच भल्यासाठी सांगतेय.

पेठकर
पुण्यात आमच्याकडे कायम गावठी मांजरं. एक रुपया न देता चौदा-पंधरा वर्षं जगली. विकत कशाला? आणि ही जाड लोकरीची मांजरं इथे लोक हौसेने घेतात, मे महिन्यात फरशीवर पसरून धापा टाकतात. बघवत नाही.

टेम्सकाठी
प्रश्न लीड्सचा आहे, पेठकर. तिथे मे महिन्यातही स्वेटर लागतो. मुळात ही इथल्याच गल्लीबोळांतली मांजरं, म्हणजे इंग्लंडची गावठीच. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअरने प्रदर्शन भरवलं, तेव्हापासून त्यांना मान मिळाला.

पेठकर
मग तिथली गावठीच घ्या, तेच म्हणतोय.

निरंजन_ब्रिस्टल
कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचा बोका चार वर्षांचा असताना गेला. सकाळी जेवला, दुपारी मागचे पाय ओढत होता, संध्याकाळी नव्हता. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. विकणाऱ्याने 'तपासलेले आई-बाप' म्हणून कागद दिला होता. नंतर नीट वाचला तर तो पीकेडीचा (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) जनुकीय अहवाल होता. हृदयाचा नव्हताच. ब्रिटिशसाठी या हृदयविकाराची जनुकीय चाचणी नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो. बोक्यांत हा जास्त दिसतो. आई-बापाच्या इकोचा कागद मागा आणि त्यावरची तारीख बघा.

सुईदोरा
निरंजन, वाईट वाटलं वाचून. अबोली, हे खरंच महत्त्वाचं. पीकेडी पर्शियन मांजरांकडून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही मांजरं फार थोडी उरली, तेव्हा त्यांच्याशी संकर केले गेले. रक्तगटही तपासून ठेवा. ब्रिटिशमध्ये बी गट बराच आढळतो, आणि त्याला ए गटाचं रक्त चढलं तर जिवावर बेततं. घरात लिलीची फुलं आणू नका, परागसुद्धा घातक.

मिरजमळा
टेम्सकाठी म्हणतात ते बरोबर, ६०० मध्ये होणार नाही. १२०० धरा. पिल्लूच घ्या, मोठं मांजर माणसाला लागत नाही.

सई_मँचेस्टर
+१, पिल्लूच. आणि आईजवळ बघूनच घ्या. डिसेंबरसाठी कॅटरी (मांजरांचं पाळणाघर) आत्ताच ठरवा, नाताळात जागा मिळत नाही. लसीचं कार्ड मागतात.

अबोली_लीड्स
सर्वांचे मनापासून आभार. निर्णय झाला, आणि तुमच्या सल्ल्याविरुद्ध झाला. शेजारच्या आजींच्या मैत्रिणीला वृद्धाश्रमात जावं लागतंय, तिथे मांजर चालत नाही. तिचा क्रीम रंगाचा ब्रिटिश बोका, वय सात. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. निरंजन, तुमचं वाचल्यावर आधी इको करून घेतला. सध्या हृदय ठीक आहे, दर वर्षी परत करायला सांगितलंय. ६०० मधले बरेचसे तिकडे गेले. विम्याचा हप्ता या वयाला जास्त आहे, तो भरू. डिसेंबरात आजी सांभाळणार.

मिरजमळा
सात वर्षांचा? अहो, विचार करा अजून.

अबोली_लीड्स
शनिवारी आणला. दोन दिवस पलंगाखाली होता. काल रात्री लेक जमिनीवर बसून पाढे म्हणत होती, तर बाहेर आला आणि तिच्यापासून एक वीत अंतर सोडून बसला. सईताई, शेपटी अजून टाकलेली नाही.