मदत हवी आहे: कमरेच्या स्पायनल कॅनालचं माप नेमकं कसं घ्यावं?

नमस्कार. मी रेडिओलॉजीत एमडी करतेय. प्रबंधासाठी कमरेच्या एमआरआयवर कॅनालची, म्हणजे मणक्यांमधून नसा जातात त्या पोकळीची, मापं घ्यायची आहेत. ग्रुपवर रेडिओलॉजिस्ट आणि मणक्याचे सर्जन दोघेही आहेत, म्हणून इथे विचारते.

पुढून मागचा व्यास 10 मिमीहून कमी असेल तर कॅनाल नक्कीच अरुंद, हा जुना निकष सगळ्यांना पाठ आहे. पण ते माप हाडाच्या कॅनालचं. डिस्क (मणक्यांमधली गादी) फुगलेली आणि लिगामेंटम फ्लेव्हम (कॅनालच्या मागच्या बाजूचा अस्थिबंध) जाड झालेलं असेल तर हाडाचा व्यास ठीक असूनही नसांना जागा उरत नाही. एल4-एल5ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) हे फार दिसतं. म्हणून मला टी2 ॲक्सियलवर (पाणी पांढरं दिसणाऱ्या आडव्या कापावर) ड्युरल सॅकचं, म्हणजे नसा आणि त्यांच्याभोवतीचं पाणी असलेल्या पिशवीचं, क्षेत्रफळ जास्त भरवशाचं वाटतं: 100 चौ. मिमीखाली अरुंद, 75 खाली तीव्र.

अडचण एल5-एस1ची (कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांमधल्या पातळीची). तिथे डिस्क तिरकी असते. काप तिला समांतर नसेल तर क्षेत्रफळ उगाच मोठं येतं. जुन्या स्कॅनमध्ये सगळे काप एकाच कोनात घेतलेले असतील, तर ती पातळी वगळावी का? की तिथे स्किझासची ए ते डी श्रेणी वापरावी? तिच्यात मिमी मोजायचे नसतात, नसा आणि त्यांच्याभोवतीचं पाणी बघायचं असतं.

आणखी एक. स्कॅन झोपवून होतो, त्रास मात्र उभं राहिल्यावर, चालताना वाढतो. सर्जन मंडळी, ऑपरेशन ठरवताना तुम्ही या आकड्यांना खरोखर किती वजन देता?