टॉम अँड जेरीचे काही एपिसोड वेगळेच का वाटतात?

मालाडचा_बाप:
लेकाबरोबर टॉम अँड जेरी बघत असतो, तर काही एपिसोडमध्ये टॉमच्या भुवया जाड, जेरी उगाच गोड गोड नि मारामारीला काही दमच नाही. नाव चक जोन्सचं. रोडरनरवाला तोच ना? तिकडे एवढा भारी माणूस, इथे कसा काय ढेपाळला?

पेन्सिलवाला:
तोच. मूळचे हॅना-बार्बेरा या दिग्दर्शक जोडीचे, १९४० पासूनचे. एमजीएम स्टुडिओने १९५७ला तो कार्टून विभागच बंद केला, मग थोडे प्रागमध्ये जीन डाइचने केले, आणि १९६३ ते ६७ मधले ३४ जोन्सच्या टीमचे. तोपर्यंत वॉर्नरने, म्हणजे रोडरनरवाल्या स्टुडिओने, त्याला काढलं होतं.
माझ्या मते ढेपाळला नाही, त्याचा पिंडच वेगळा. रोडरनरच्या मागे लागलेला तो कोल्ह्यासारखा कायोटी कडा ओलांडून हवेत उभा राहतो, खाली बघतो, कान पडतात, आपल्याकडे एक केविलवाणी नजर टाकतो आणि मगच जातो खाली, शेवटी पार तळाला धुळीचा एवढासा फुफाटा. त्याची सगळी मजा त्या थांबण्यात, आणि टॉम अँड जेरीत थांबायला वेळ कुणाला, तिथे धाव नि दणका!

चाळकरी७०:
सगळं त्याच्याच खात्यावर नका टाकू राव. रोडरनरच्या गोष्टी मायकल माल्टीजच्या, ते विचित्र वाळवंट मॉरिस नोबलचं. आणि हे दोघं टॉम अँड जेरीलाही होतेच की सोबत. नव्हता तो संगीतकार कार्ल स्टॉलिंग, १९५८लाच रिटायर झाला. आवाज बंद करून रोडरनर बघा, निम्मी मजा गेलीच समजा.

इनबिटवीनर_ताई:
संगीताचं पटलं, पण ड्रॉइंगचं काय? मी अंधेरीत एका स्टुडिओत होते तेव्हा सीनियर लोक जोन्सच्या पोजच्या प्रिंट टेबलासमोर चिकटवायचे. दिग्दर्शक असून मेन पोज तो स्वतः काढून द्यायचा. त्याचं १९५२चं 'फीड द किटी' कार्टून बघा, त्या आडदांड बुलडॉगला वाटतं आपलं मांजराचं पिल्लू बिस्किटाच्या पिठात गेलं, मालकीण त्याला मांजराच्या आकाराचं बिस्किट देते, तो ते थरथरत पाठीवर ठेवतो, जिथे पिल्लू बसायचं तिथेच. एक शब्द बोलत नाही तो.

मालाडचा_बाप:
आज रात्री हेच लावतो. लेक रडला तर ताई तुमच्याकडे पाठवतो 😄