मदत हवी आहे: वास आला, उत्पादन आलं, पण तांदूळ शिजवला की गोळा!

मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

उंच वाढणारा बासमती आणि एक बुटकं, भरपूर पिकणारं वाण असा साधा क्रॉस (संकर) केला होता, आता एफ४ ला, म्हणजे संकरानंतरच्या चौथ्या पिढीला आलोय. भात लोळत नाही, फुटवे भरपूर, लोंब्या भरलेल्या. वासाचंही जमलं, तो गुण रिसेसिव्ह (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा) असल्यामुळे एफ२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, चारातल्या एकाच झाडात पक्का बसतो, म्हणून प्रत्येक झाडाची पानं कापून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटं ठेवायची आणि हुंगायची (पंधराव्या बाटलीनंतर नाक संपावर जातं, हे कुणी आधी सांगत नाही).

घोळ पुढे आहे. दाणा दिसायला लांबसडक, पण शिजवला की लांबीत वाढायचं सोडून जाडीत फुगतो, टोकं फुटतात आणि ताटात गोळा. कच्चा ७ मिमी, शिजून जेमतेम १०. शेजारी मूळ बासमती शिजवला तर शीत न् शीत मोकळं, लांबी जवळपास दुप्पट. १९८९ च्या पुसा बासमती १ मध्ये बुटकेपणा आणि हे सगळं एकत्र आलंच होतं, म्हणजे अशक्य नाही. एका झाडाचे तांदूळ मूठभर, ते शिजवायचे की पेरायचे, म्हणून मी आधीच्या पिढ्यांत शिजवून बघितलंच नाही. चुकलंच. आता बॅकक्रॉस, म्हणजे या झाडांचा परत मूळ बासमतीशी संकर, करू का?

उत्तर: थांबा, एवढ्यात नको. मूठभर कशाला, प्रत्येक लाईनचे (एकेका झाडापासून पुढे चालवलेल्या वंशाचे) सहा-सात अख्खे पॉलिश केलेले दाणे तुमच्याच त्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ३० डिग्रीला २३ तास ठेवा, दाणा शिजताना कसा वागेल याचा अंदाज येतो. पार विरघळले तर ती लाईन सोडा, बासमतीसारखे अर्धवट पसरले तर ठेवा. मग उरलेल्यांचं अमायलोज (दाण्याच्या स्टार्चमधला भात मोकळा ठेवणारा भाग) तपासून घ्या, २० ते २५ टक्क्यांतलं हवं, त्याखाली चिकटणारच. वास मुख्यतः एका जीनवर चालतो, शिजून लांब होणं बऱ्याच जीन्सवर, त्यामुळे एफ२ ची झाडं थोडी असतील तर हवा तो मेळ तिथेच निसटला असेल. सगळ्याच लाईन विरघळल्या तर मग बॅकक्रॉस. आणि एक, दोन्ही तांदूळ एकाच वयाचे होते ना? नवा तांदूळ चिकटच होतो, तीन-चार महिने मुरू द्यावा लागतो.

धागाकर्ता: अरे देवा. माझा कापणीनंतर दहाव्या दिवशी शिजवलेला, आणि बासमती डब्यातला, गेल्या वर्षीचा. आज रात्रीच दाणे भिजत घालतो. तुकडा दाणा चालत नाही ना यात?